कुसळ सांगतं माळाची तब्येत

दिवाळीनंतर धाराशिवच्या माळावर चालून आलं की पायजमा कुसळांनी भरतो. कुसळीच्या बीला अणकुचीदार टोक असतं आणि मागे पीळ पडलेली शेपटी. दवाने ओली झाली की ती उलगडते, उन्हात पुन्हा पिळते; या हालचालीने बी मुरमात आपोआप रुतत जातं. सुंदर रचना आहे ही. पण नजर जाईल तिकडे कुसळीच दिसली, तर समजावं की माळ आजारी पडू लागलाय.

बालाघाटाच्या या पठारांवर मूळचा मान शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गवतांचा. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांची मांडणी केली, तेव्हा दख्खनचा माळ शेडा-मारवेलाच्या गटातच बसवला. गुरांना हीच गवतं गोड लागतात, म्हणून अतिचराईत हीच आधी संपतात. त्यांची जागा कुसळी घेते. तरीही चराई थांबली नाही, तर एका पावसापुरती उगवणारी, निकस गवतं तेवढी उरतात.

खरं नुकसान जमिनीखाली होतं. टिकाऊ गवतांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर पसरतात. त्यांना जोडलेले बुरशीचे धागे मुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरद आणून देतात. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात. ही वीण उसवली की वीतभर मातीही पहिल्या वळवात ओढ्याला लागते.

म्हणून एकच गवत पेरून माळ उभा राहत नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे डेव्हिड टिलमन यांनी १९९४ पासून एक ते सोळा जातींचे वाफे राखले. सोळा जातींच्या वाफ्यांच्या मातीत एकाच जातीच्या वाफ्यांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन साठला. त्यात गवत आणि शेंगवर्गीय यांची जोडी विशेष लाभली. नेदरलँड्समध्ये तर लागवड थांबवलेल्या शेतजमिनीवर जुन्या गवताळ भूमीची माती अगदी पातळ पसरली आणि सहा वर्षांत तिथली वनस्पतीसृष्टी त्या मूळ जागेच्या वळणावर गेली. बियांबरोबर मातीतले जीवही आले होते.

तरीही झटपट फळाच्या भ्रमात कुणी राहू नये. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरातले ३१ अभ्यास एकत्र तपासले. जुन्या माळांवर नव्याने उगवलेल्या माळांपेक्षा सरासरी ३७ टक्के जास्त जाती होत्या. ती तूट आपोआप भरायला किमान शंभर वर्षं, बहुतेकदा हजारांवर लागतात. मग जो माळ अजून शाबूत आहे त्यावर जेसीबीने चर खोदून गिरिपुष्पाची रोपं लावणं मला तरी घोर चूक वाटते. ‘इथे आधी जंगल होतं’ हा समजही तपासून घ्यावा: नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यातल्या वनस्पतींची नोंद मांडली, तेव्हा निम्म्याहून अधिक जाती माळरानाच्याच निघाल्या.

शेजारच्या सोलापुरात, नान्नजला, दुष्काळी भागासाठीच्या सरकारी कार्यक्रमात राखलेल्या भूखंडांवर गवत वाढलं आणि माळढोक पक्ष्याला आसरा मिळाला; १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. आपल्याकडेही सुरुवात साधी आहे. गायरानाचे तुकडे पाडून आळीपाळीने चराईबंदी, आणि गवताचं, शेंगवर्गीयांचं बी जवळच्याच चांगल्या माळावरून गोळा करणं. शेड्याचं बी दसरा-दिवाळीच्या सुमारास पिकतं आणि पिकलं की गळू लागतं. विळा त्याआधी चालला, तर पुढच्या मृगाला जमिनीत पडायला काहीच नसतं.