कॉलेज बघायला जा, पण ॲडमिशनच्या दिवशी नको

गाळा कसा निवडायचा आणि होलसेलर कसा पारखायचा, हे दोन व्हिडिओ झाल्यापासून बारावीच्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे बरेच फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो. "सर, पुढे धंद्यातच यायचंय, मग बीबीए कुठून करू? की डिप्लोमा करू? की सरळ पुण्याला जाऊ?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मी तुम्हाला कॉलेजचं नाव सांगणार नाही. मी सांगतो ते एवढंच, की जाऊन बघा. आपल्याकडे पाच हजार भाड्याचा गाळा घ्यायचा तर माणूस चार चकरा मारतो. सकाळी गिऱ्हाईक किती, संध्याकाळी किती, पावसात गटार तुंबतं का, शेजारचा दुकानदार कसा आहे, सगळं बघतो. आणि तोच माणूस मुलाचं तीन-चार वर्षांचं कॉलेज मोबाईलवरच्या फोटोंवरून, नाहीतर कोणा मावसभावाच्या सांगण्यावरून ठरवतो. त्यात पैसा मात्र गाळ्याच्या डिपॉझिटपेक्षा जास्त जातो.

आधी तो पैसाच मोजू. समजा दासगावचा मुलगा पुण्यात राहिला. कॉट बेसिसवर साडेतीन हजार, मेस तीन हजार, येणंजाणं आणि किरकोळ एक हजार. महिन्याला झाले साडेसात हजार. वर्षाचे दहा महिने धरले तर ७५ हजार, तीन वर्षांचे सव्वादोन लाख. यात फी धरलेलीच नाही. हे आकडे मी हिशोब समजावा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. पण सव्वादोन लाख म्हणजे छोट्या दुकानाचं पहिलं भांडवल असतं. पुण्यातलं कॉलेज तेवढं जास्त देणार असेल तर जरूर जा. ते देतंय का, हे बघायला एक-दोन दिवस आणि एसटीचं भाडं लागतं, बस.

आधी जवळचं बघा

आपल्या दासगाव-महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या मुलांना एक सवय आहे. जवळ जे आहे ते कमी दर्जाचं, असं न बघताच ठरवायचं. महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, १९६१ पासूनचं, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. हायवेने मुंबईच्या बाजूला गेलात की लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, जे १९८९ च्या कायद्याने उभं राहिलं. मंडणगडमार्गे गेलात तर दापोलीला १९७२ चं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. महाड आणि लोणेरे एकाच दिवसात होतात. दापोलीला वेगळा दिवस काढा.

लोणेऱ्याची एक गंमत सांगतो. राज्यातली बरीच खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यात पुण्याकडचीही आहेत. म्हणजे आपला मुलगा गाव सोडून, खोली घेऊन, मेसचं खाऊन चार वर्षं शिकतो आणि हातात पडणाऱ्या पदवीवर नाव असतं आपल्याच लोणेऱ्याच्या विद्यापीठाचं! यात वाईट काही नाही. पण ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायला आपण घाट ओलांडतोय, त्याचं मूळ आवार दासगावपासून एसटीच्या अंतरावर आहे आणि आपण ते आतून बघितलेलंही नाही, हे मला पटत नाही.

दापोलीचं तर मी धंद्याच्या दृष्टीने मुद्दाम सांगतो. 'रत्ना' आणि 'सिंधू' या आंब्याच्या जाती याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आल्या, काजूच्या 'वेंगुर्ला' जातीही तिथल्याच. नर्सरी, काजू प्रक्रिया, कोकम-आंबा प्रॉडक्ट यातलं काही डोक्यात असेल तर ॲडमिशन घ्या वा न घ्या, एकदा तिथे जाऊन या.

दिवस कुठला निवडायचा

ॲडमिशनच्या दिवसांत प्रत्येक कॉलेज लग्नघरासारखं असतं. गेटवर फलक, हसून बोलणारे सर, एसी लावलेला सेमिनार हॉल. आपण दुकानात दिवाळीला माळा लावतो, तसंच ते. बघायचं असतं साधं दुकान. म्हणून बारावीच्या वर्षात डिसेंबर-जानेवारीत, प्रॅक्टिकल परीक्षा लागायच्या आधी, एखाद्या मंगळवार-बुधवारी अकराच्या सुमारास जा. आधी फोन केलात तर चालेल, पण एकदा तरी न सांगता जा.

पहिल्यांदा ऑफिसात शिरू नका. गेटबाहेर झेरॉक्सचं दुकान असतं, तिथे थांबा. दोन पानं झेरॉक्स करा आणि विचारा, "दादा, इथली मुलं सगळ्यात जास्त काय झेरॉक्स करतात?" हा माणूस आपल्यातलाच, दुकानदार. त्याला सगळं माहीत असतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकाच वहीच्या शंभर कॉप्या निघत असतील, तर वर्गात शिकवणं किती होतं ते कळलं. प्रोजेक्ट रिपोर्ट तयार विकत मिळत असतील, तर तेही कळलं. मग चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची मुलं गाठा. पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून उपयोग नसतो, ती अजून खूश असतात. त्यांना "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, "भारी आहे" एवढंच उत्तर येतं. विचारा, "काल किती लेक्चर झाली? मागच्या आठवड्यात लॅबला बसलात का? तुमच्या बॅचमधला कोणी स्वतःचा धंदा करतोय का?" शेवटच्या प्रश्नावर नाव घेऊन उत्तर आलं तर त्या मुलाचा नंबर मागा, आणि त्याच्याशी बोला.

आत गेल्यावर नोटीस बोर्ड वाचा. तारखा बघा. मागच्या वर्षीची नोटीस अजून लटकलेली असेल तर समजा, तिकडे कोणी फिरकत नाही. टाइमटेबल लावलेलं असतं. त्यावर आत्ता जे लेक्चर आहे त्या वर्गाकडे जा आणि बाहेरून बघा, चालू आहे का. लॅबमध्ये मशीनवर धूळ आहे का, वायर जोडलेली आहे का, एका कॉम्प्युटरवर किती मुलं बसतात, हे मोजा. बीबीए किंवा बीकॉम घेणार असाल तर विचारा, अकाउंटचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी रिटर्न मुलं स्वतःच्या हाताने करतात की फळ्यावर बघतात? दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात तेच लागणार आहे. लायब्ररीत पुस्तकं किती आहेत ते सगळेच सांगतात, तुम्ही पुस्तक घरी न्यायला मिळतं का ते विचारा. मुलगी शिकणार असेल तर तिला किंवा तिच्या आईला बरोबर न्या आणि स्वच्छतागृह आणि हॉस्टेल त्यांनाच बघू द्या.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वात मोठं पॅकेज लिहिलेलं असतं. त्या एका मुलाचं अभिनंदन करा आणि पुढे मधला आकडा विचारा, म्हणजे सगळ्या मुलांचे पगार ओळीत मांडले तर बरोबर मधल्याला किती मिळाले. जी कॉलेजं एनआयआरएफच्या रँकिंगमध्ये भाग घेतात त्यांना हा आकडा द्यावाच लागतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर असतो.

ऑफिसातले प्रश्न

आता ऑफिसात जा. इथे मी जरा वेळ घेतो, कारण पैसा इथे अडकतो.

पहिलं, सर्टिफिकेटवर पदवीचं नेमकं नाव काय छापून येणार? २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदललं, बीएमएसचं 'बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज' झालं आणि त्याला सीईटी उरली नाही. शिक्षण वाईट होतं असं नाही, पण तोंडी 'बीबीएच आहे हो' म्हणतात आणि कागदावर दुसरं असतं. कागद बघा.

दुसरं, सीट कुठली? व्यावसायिक कोर्सला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून ॲडमिशन घेतलं तर शिष्यवृत्तीचा मार्ग मोकळा राहतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ते शंभर टक्के झालं. एजंट "काका, टेन्शन घेऊ नका, सीट मी बसवतो" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट कोट्यातली सीट देत असतो, आणि तिथे ही सवलत मिळत नाही. म्हणजे एजंटचे पैसे गेले आणि शिष्यवृत्तीही गेली. पावतीशिवाय डोनेशन मागत असतील तर तिथूनच उठा. कॅपिटेशन फी घ्यायला राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

तिसरा प्रश्न खास आपल्या लोकांसाठी. हजेरी कशी घेता? मुंबई विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. तुम्हाला वडिलांच्या दुकानात बसायचंय, सकाळी दुधाची लाइन टाकायचीय, तर कॉलेज सकाळचं आहे की दिवसभराचं हे फीपेक्षा महत्त्वाचं ठरतं. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. ते कुठे करायला पाठवता, आणि घरच्या धंद्यात केलेलं चालतं का, हे स्पष्ट विचारा. उत्तर देताना समोरचे सर खुर्चीत पुढे सरकून बोलले की घड्याळ बघून, यावरूनही बरंच समजतं!

दुसरी चक्कर पावसात मारा. कॅप राउंड नाहीतरी पावसाळ्यातच चालतात. जुलै २०२१ ला महाडात पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. रोज येऊन-जाऊन करणार असाल तर सकाळची एसटी कितीला, शेवटची परत कितीला, वीर किंवा गोरेगाव रोडला उतरून पुढे रिक्षा मिळते का, हे स्वतः त्या वेळेला प्रवास करून बघा. विद्यार्थी पासाला एक तृतीयांश भाडं लागतं, पण शेवटची गाडी चुकली तर खासगी वाहनाला पूर्ण पैसे मोजावे लागतात.

आणि ॲडमिशन घेतल्यावर मन बदललं तर? यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत त्याचे टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रोसेसिंगपोटी पाच टक्के आणि तेही जास्तीत जास्त पाच हजार कापता येतात. शेवटच्या १५ दिवसांत रद्द केलं तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. म्हणून शेवटची तारीख कुठली, हे ऑफिसातून लिहून घ्या आणि पावतीला पिनअप करून ठेवा. याच अधिसूचनेनुसार मूळ मार्कशीट आणि दाखला कॉलेजला ठेवून घेता येत नाही, तपासून लगेच परत द्यावा लागतो. त्यामुळे फाईलमध्ये मूळ कागद एक आणि सही केलेल्या झेरॉक्सचे तीन संच घेऊन जा. "ओरिजिनल जमा करा" असं कोणी म्हणालं तर तपासणी होईपर्यंत काउंटरसमोरच उभे राहा.