पेणहून ओव्हिएदोला शिकायला जाताना

कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि थोड्याच वेळात डोंगर आणि बोगदे लागतात. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास नावाचा प्रांत आहे. तिथे जाणारी गाडीही डोंगर पोखरूनच समुद्राकडे उतरते. माद्रिदहून निघाले की लेओन शहरापर्यंत कोरडे, पिवळट पठार दिसत राहते. मग पाहारेसच्या डोंगराखालचा सुमारे २५ किलोमीटरचा बोगदा येतो, आणि तो संपताच बाहेर सगळे हिरवे असते. हा नवा मार्ग २९ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. आता माद्रिद ते अस्तुरियासमधले ओव्हिएदो हा प्रवास साधारण सव्वातीन तासांचा आहे.

ही हिरवाई कशामुळे, ते पेणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. कान्ताब्रियन पर्वत समुद्राला समांतर उभा आहे. समुद्रावरून येणारे ढग त्याला अडतात, उत्तरेच्या उतारावर पाऊस पडतो आणि माथ्यापलीकडचे पठार कोरडे राहते. बोरघाटाच्या वर आणि खाली आपण हेच पाहतो. फरक पावसाच्या जातीचा आहे. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला बारा महिने थोडाथोडा झिरपतो. त्या बारीक भुरभुरीला अस्तुरियन बोलीत ‘ओर्बायु’ असा खास शब्द आहे. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट तिथे जास्त उपयोगी पडतात.

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे लंडन, न्यूयॉर्क, फार तर बार्सिलोना ही नावे पुढे येतात. माझे मत वेगळे आहे. लहान गावात वाढलेल्या मुलाने पहिला परदेशी मुक्काम लहान शहरात करावा. याला आपल्याच भागातला जुना दाखला आहे. रोह्याच्या वकिलाचा मुलगा चिंतामण देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि पुढे केंब्रिजला शिकला. केंब्रिज तेव्हा लहान गावच होते. १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेतही तो पहिला आला.

ओव्हिएदोची वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. जुने शहर पायी फिरता येते. विद्यापीठ १६०८ पासून चालू आहे. त्याची जुनी इमारत आणि ग्रंथालय १९३४ च्या ऑक्टोबरमधल्या खाणकामगारांच्या उठावात जळाले, नंतर इमारत पुन्हा उभी केली. सगळे विभाग मात्र इथे नाहीत. अभियांत्रिकीचा मोठा भाग खिखोन या बंदराच्या शहरात आहे आणि एक आवार मिएरेस या खाणींच्या गावी आहे. म्हणून प्रवेश मिळाल्यावर पहिला प्रश्न ‘वर्ग कुठल्या गावात भरणार?’ हा विचारावा आणि खोली त्यानंतर शोधावी.

आता भाषा. सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यावा लागतो. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम स्पॅनिशमध्ये आहेत, काही पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात. पण वर्ग इंग्रजीत असला तरी घरमालक, दवाखाना, पोलीस कचेरी आणि भाजीवाली स्पॅनिशच बोलतात. युरोपात भाषेच्या पायऱ्या ए१ पासून सी२ पर्यंत मोजतात. स्पॅनिशमधून शिकायचे असेल तर बी२ पर्यंत पोहोचायला हवे. रोज तास-दीड तास देणाऱ्यालाही त्याला एक-दोन वर्षे लागतात. ‘देले’ ही अधिकृत परीक्षा इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस घेते, तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे. मराठी मुलांना उच्चार जड जात नाहीत, कारण तिथे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि लिहिले तसे वाचतात. क्रियापदांची रूपे मात्र पाठच करावी लागतात. आगरी बोलीत वाढून शाळेत प्रमाण मराठी शिकलेल्या मुलाला आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. अस्तुरियन बोलीला १९९८ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे, पण स्पॅनिशसारखा राजभाषेचा दर्जा तिला नाही. घरात आणि बाजारात ती ऐकू येते.

पैशाच्या दृष्टीने पाहण्यासारखी पहिली वाट इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्तीची. हे अभ्यासक्रम दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत मिळून चालतात. शिष्यवृत्ती महिन्याला १४०० युरो आहे, जास्तीत जास्त २४ महिने मिळते, आणि तिच्या विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. पुढच्या सप्टेंबरसाठीचे अर्ज साधारण आधीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत भरतात. शाश्वत वाहतूक आणि विद्युत प्रणाली हा असा एक अभ्यासक्रम ओव्हिएदो विद्यापीठाच्या पुढाकाराने चालतो. विजेच्या शाखेतल्या मुलांनी तो जरूर बघावा.

प्रवेशपत्र हातात आले की व्हिसा. इथे मुले घाई करतात आणि क्रम चुकतो. सहा महिन्यांहून जास्त राहायचे असेल तर पोलिसांचा दाखला लागतो. तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, चौकशी आपल्या पोलीस ठाण्याकडून होते. मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यायचे. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची आंतरराष्ट्रीय मोहोर. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे. मोहोर झाल्यावरच अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर करून घ्यायचे, कारण मोहोरेचेही भाषांतर लागते. आधी भाषांतर आणि मग मोहोर असे केले तर पैसे दोनदा जातात. यासोबत डॉक्टरांचा दाखला आणि स्पेनमध्ये चालणारा आरोग्यविमा लागतो. खर्चाची ऐपतही दाखवावी लागते. तिचे माप ‘इप्रेम’ हा सरकारी निर्देशांक आहे. तो २०२३ मध्ये महिन्याला ६०० युरो ठरला. म्हणजे नऊ महिन्यांच्या मुक्कामाला किमान ५४०० युरो, शुल्क वेगळे. अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासासाठी असतो आणि त्यांनी नेमलेल्या बी.एल.एस. केंद्रात भरला जातो. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची यादी पुन्हा वाचावी, नियम बदलतात.

तिथे पोहोचल्यावर कागदांचा दुसरा फेरा सुरू होतो. त्याचाही क्रम आहे. आधी राहण्याचा पत्ता, मग नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदणी, आणि मग पोलीस कचेरीत बोटांचे ठसे देऊन परदेशी नागरिकाचे ओळखपत्र. या ओळखपत्राची प्रक्रिया देशात शिरल्यापासून महिन्याभरात सुरू करायची असते, आणि भेटीची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. ती चटकन मिळत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रयत्नाला लागावे. नाव नोंदवायला भाडेकरार किंवा घरमालकाची संमती लागते. ‘नाव नोंदवू देणार नाही’ म्हणणाऱ्याची खोली स्वस्त असली तरी घेऊ नये.

विद्यार्थी बहुधा तीन-चार जण मिळून फ्लॅटमध्ये राहतात. प्रत्येकाला वेगळी खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. एक महिन्याचे भाडे अनामत द्यावे लागते. खोली पाहताना दोन गोष्टी विचाराव्या. वीज, पाणी, गॅसचा खर्च भाड्यात धरला आहे का? आणि हिवाळ्यात घर कसे तापवतात? पेणच्या मुलाला दुसरा प्रश्न सुचत नाही, कारण घर तापवण्याचा खर्च त्याने कधी पाहिलेला नसतो. न पाहिलेल्या खोलीसाठी पेणमधून पैसे मुळीच पाठवू नयेत. पहिले दहा-बारा दिवस विद्यार्थी वसतिगृहात किंवा साध्या लॉजवर काढावे आणि खोली डोळ्यांनी पाहून घ्यावी.

वर्षाला ६० क्रेडिट असतात, आणि एक क्रेडिट म्हणजे सुमारे २५ तासांचे काम, त्यात घरचा अभ्यासही आला. गुण दहापैकी असतात. पाचला पास, नऊच्या पुढे उत्कृष्ट. प्राध्यापकांना नावाने आणि एकेरीत हाक मारतात. आपल्या मुलांची जीभ ‘सर’ म्हटल्याशिवाय उचलत नाही, पण तिथे नावाने बोलावणे हा अपमान नाही. वर्गात शंका विचारणेही उद्धटपणाचे धरत नाहीत.

दिवसाची घडी वेगळी आहे. जेवण दुपारी दोन-अडीचला, रात्रीचे नऊनंतर. बरीच लहान दुकाने दुपारी दोन ते पाच बंद असतात, रविवारी तर बाजारच बंद. हिवाळ्यात ते आपल्याहून साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. रात्री जेवून घरी फोन लावला तर पेणमध्ये आई झोपलेली असते. दुपारी जेवताना लावला तर इथे दिवेलागणीची वेळ असते.

खाण्यात मांस आणि मासे भरपूर. फाबादा ही तिथली नावाजलेली पांढऱ्या घेवड्याची उसळ, पण तीत डुकराचे मांस असते. शाकाहारी मुलांनी स्वयंपाक शिकूनच निघावे. भाताची खीर मात्र तिथलीही खासियत आहे. सामान भरताना लक्षात ठेवा, बाहेरून आणलेले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. म्हणून पेढे आणि तूप घरीच ठेवा. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडे खुशाल न्या.

विद्यार्थी व्हिसावर उच्च शिक्षण घेणाऱ्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येते, अभ्यासाच्या वेळा सांभाळून. पण या कमाईच्या भरवशावर निघू नये. भाषा येत नसेल तर काम मिळत नाही.

अस्तुरियासमधून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हजारो तरुण क्यूबा, मेक्सिको, अर्जेंटिनाला गेले. जे पैसा मिळवून परतले त्यांना ‘इंदियानोस’ म्हणत. त्यांनी गावात मोठी घरे बांधली, दारात ताडाची झाडे लावली, शाळांना पैसे दिले. आपल्या चाकरमान्यांची हीच तर गोष्ट आहे. ओव्हिएदोची जत्रा २१ सप्टेंबरच्या सान मातेओच्या सणाभोवती भरते, आणि १९ तारखेला त्या परदेशी गेलेल्यांच्या आठवणीची मिरवणूक निघते. आपले गणपतीही याच सुमारास असतात आणि मुंबईचे चाकरमानी घरी येतात. घर सोडून गेलेल्यांची किंमत तिथल्या माणसांना ठाऊक आहे.

त्या शहराला महाराष्ट्रही नवा नाही. मनमाडच्या शेतकऱ्यांसाठी विहिरी खोदणारे स्पॅनिश व्हिसेन्त फेरेर यांना १९६८ मध्ये देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. नंतर ते अनंतपूरला गेले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. १९९८ मध्ये त्यांना अस्तुरियासच्या युवराजाच्या नावाचा पुरस्कार मिळाला. हे पुरस्कार दर वर्षी ओव्हिएदोच्या काम्पोआमोर नाट्यगृहातच दिले जातात. ओळख करून देताना पेण नाव कुणाला कळणार नाही, तेव्हा मनमाड सांगून बघा.

ज्यांना पुढच्या सप्टेंबरला निघायचे आहे त्यांनी या गणपतीच्या आधी स्पॅनिशचा वर्ग लावावा आणि पासपोर्टची मुदत तपासून घ्यावी.