स्ट्रॉबेरीचं वाण निवडताना आधी गिऱ्हाईक बघा

गटानं मिळून अर्धा एकर रान खंडानं घ्यायचं आणि त्यात स्ट्रॉबेरी लावायची, असा बेत महाबळेश्वर, वाई, जावळी भागात कुणाचा चालला असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी. एकरी साधारण २२ ते २४ हजार रोपं लागतात, म्हणजे अर्ध्या एकराला अकरा-बारा हजार. रोपामागे एका रुपयाचा फरक पडला तरी अकरा हजार इकडचे तिकडे होतात. हे पैसे पहिलं फळ दिसायच्या आधीच जातात, तेही बहुतेक वेळा गटाच्या कर्जातून. म्हणून ‘शेजारच्यांनी लावलंय तेच लावू’ म्हणायच्या आधी एक प्रश्न सोडवा. आपला माल खाणार कोण?

आपल्याकडे स्वीट चार्ली, विंटर डॉन आणि कॅमारोसा ही नावं नेहमी कानावर येतात. पहिली दोन अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठानं काढलेली, तिसरी कॅलिफोर्निया विद्यापीठाची.

स्वीट चार्ली लवकर येते आणि नावासारखीच गोड. बाजारात माल कमी असतो तेव्हा हिचा तोडा सुरू होतो. फळावर पडणाऱ्या करप्यालाही ती बऱ्यापैकी तग धरते. पण फळ मऊ. जरा दाबलं की डाग पडतो. शिवाय हंगाम पुढे सरकला की फळ बारीक होत जातं. बारीक फळ तोडायला हात तेवढेच लागतात, पाटीत वजन मात्र भरत नाही. तोडणी आपण घरच्याच बाया करतो म्हणून ती फुकट धरू नका. पहाटेपासून वाकून केलेल्या कामाची मजुरी वहीत लिहा, मगच कुठलं वाण परवडतं ते कळेल.

कॅमारोसा जरा उशिरा सुरू होते. फळ मोठं, टणक, पनेटमध्ये भरून पुण्या-मुंबईपर्यंत नीट जातं. हिची खोड एकच: गोडी भरायच्या आधी ती लाल दिसायला लागते. आंब्यासारखी स्ट्रॉबेरीची अढी घालता येत नाही. तोडल्यावर रंग चढेल, गोडी वाढणार नाही. घाईनं तोडलेली कॅमारोसा आंबट लागते, आणि पर्यटक एकदा आंबट फळ खाऊन गेला की पुढच्या वेळी दुसऱ्याच्या गाड्यावर थांबतो. करपाही हिला लवकर धरतो.

विंटर डॉन या दोघींच्या मधली. लवकर येते, फळ चार्लीपेक्षा मोठं आणि घट्ट, पण गोडीत तिच्या मागे.

मग गटानं काय लावावं? रस्त्याकडेला स्टॉल असेल, गिऱ्हाईक फळ तिथंच तोंडात टाकणार असेल, तर चार्ली. माल व्यापाऱ्याच्या गाडीनं लांब जाणार असेल तर विंटर डॉन किंवा कॅमारोसा. आणि जॅम, सरबत करायचं मनात असेल तर विकत घ्यायच्या आधी दोन्हींचं एकेक फळ मधोमध कापून बघा. चार्ली आत फिकी, कॅमारोसा आतपर्यंत लाल. त्या लालीमुळे बाटलीतला रंग वेगळा न घालताही छान दिसतो. हंगामाच्या शेवटी दर उतरतात, फळ प्रक्रियेला जायला लागतं, तेव्हा हा रंग कामाला येतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी सगळं रान एकाच वाणाचं करू नका. थोडी चार्ली आणि बाकी कॅमारोसा लावली तर तोडा एकदम अंगावर येत नाही आणि बाजारही दोन मिळतात. फक्त वाफे वेगळे ठेवा आणि पाट्या मिसळू नका. मऊ फळ टणक फळाखाली चेंगरतं आणि पाटीभर पाणी सुटतं.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव भागाचं आहे. रोप चांगलं की वाईट, हे मानांकन सांगत नाही. ते आपणच बघायचं. लावण पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. रोपवाटिकेत जाताना चाकू सोबत न्या. मालकाला विचारून दोन-चार रोपं उपटा आणि मुळांच्या वरचा जाड गड्डा उभा कापा. आत पांढरट, स्वच्छ दिसला तर ठीक. तांबूस डाग किंवा पट्टे दिसले तर ती रोपं कितीही स्वस्त मिळोत, उचलू नका. लावल्यावर ऊन वाढलं की अशी झाडं उभ्या उभ्या सुकतात, आणि तोवर गटाचे पैसे दिलेले असतात.