जंत आणि जंतू : जुन्या औषधांची नवी कामगिरी

मराठीत 'जंत' आणि 'जंतू' या दोन शब्दांत केवळ एका ऊकाराचा फरक आहे. पण हे जीव मात्र एकमेकांपासून फार दूरचे. जंत हा आपल्यासारखाच अनेक पेशींचा प्राणी. त्याला स्नायू असतात, मज्जातंतू असतात. पट्टकृमीसारखा जंत तर आतड्यात कित्येक हात लांब वाढतो. जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, हा एकाच पेशीचा जीव. असे हजार जंतू ओळीने मांडले तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तेव्हा जंतावरचे औषध जंतूवर चालावे ही अपेक्षा सकृद्दर्शनी विचित्रच वाटेल. तरीही गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञ कृमींच्या व इतर परोपजीवींच्या औषधांकडे याच आशेने पाहू लागले आहेत. ही आशा का निर्माण झाली, तिला आधार कितपत आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम गरज पाहू. १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. परंतु १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना खुद्द फ्लेमिंग यांनीच इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते त्या औषधाला सरावतील. तसेच घडले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या पू करणाऱ्या जंतूंसाठी, म्हणजे स्टॅफिलोकॉकससाठी, मेथिसिलिन हे नवे औषध काढण्यात आले. ते वापरात येते न येते तोच, १९६१ मध्ये, त्यालाही न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले. एका मोठ्या जागतिक पाहणीच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे दगावली. इकडे नवी प्रतिजैविके मात्र फार थोडी निघत आहेत. कारण उघड आहे. रक्तदाबाची गोळी रोगी जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. आणि नवे प्रतिजैविक तर शक्य तितके जपून वापरावयाचे असते. असे औषध शोधण्यात भांडवल घालण्यास कारखानदार कचरतो.

मग नवे औषध मिळत नसेल, तर जुन्याच औषधांच्या कपाटात काही सापडते का पाहावे, हा विचार पुढे आला. त्यास इतिहासाचा आधार आहे. पॉल एर्लिख हे जर्मन शास्त्रज्ञ निद्रारोगाच्या परोपजीवींवर सोमलाची संयुगे तपासत होते. उपदंशाचा जंतू त्या परोपजीवींचा नातलग असावा, अशी त्या काळी समजूत होती. ती चुकीची होती. पण तिच्यामुळेच ही संयुगे उपदंशावर तपासली गेली, आणि १९०९ साली एर्लिख यांचे जपानी सहकारी हाता यांना '६०६' क्रमांकाचे संयुग गुणकारी असल्याचे आढळले. तेच पुढे साल्व्हर्सान म्हणून प्रसिद्ध झाले.

दुसरे उदाहरण आपल्या घरोघरी पोचलेले आहे. आमांशावर डॉक्टर जे मेट्रोनिडाझोल देतात, ते मुळात स्त्रियांच्या एका नाजूक विकाराला कारण होणाऱ्या ट्रायकोमोनस या परोपजीवीसाठी काढलेले औषध. १९६२ साली शिन या ब्रिटिश दंतवैद्यांनी असे प्रसिद्ध केले की, या विकारासाठी हे औषध घेणाऱ्या एका रुग्णाच्या चिघळलेल्या हिरड्याही त्याबरोबर बऱ्या झाल्या. हिरड्यांचा तो रोग जंतूंचा होता. पुढे उलगडा झाला. जे जीव प्राणवायूविना जगतात, त्यांच्या पेशीत गेल्यावर या औषधाचे रूप पालटते व ते त्यांच्या डीएनएचा नाश करते. मग तो जीव परोपजीवी असो की जंतू. आज पोटाच्या शस्त्रक्रियेत अशा जंतूंपासून रक्षण करण्यासाठी हे औषध जगभर वापरतात.

आता निक्लोसमाइड या औषधाकडे वळू. जर्मनीतील बायर कंपनीने हे द्रव्य प्रथम गोगलगायी मारण्यासाठी काढले. कारण शिस्टोसोमिआसिस या रोगाचे कृमी गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या द्वारे पसरतात. नंतर ते पट्टकृमीवरही चालते असे दिसले, आणि १९६० नंतरच्या दशकात ते माणसांना देण्यात येऊ लागले. त्याच कुळातील ऑक्सिक्लोझनाइड हे औषध गुरामेंढरांच्या यकृतातील कृमींवर दिले जाते. २०१४ व २०१५ साली अमेरिकेत मायलोनाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातील औषधे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर तपासली. त्यांची पद्धत मौजेची आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या निरुपद्रवी कृमींना त्यांनी त्या जंतूंची लागण केली, आणि कोणते औषध कृमींना वाचवते ते पाहिले. कृमींचे वैरी म्हणून काढलेल्या औषधांनी येथे कृमींनाच जीवदान दिले! निक्लोसमाइडने जंतूंची वाढ थोपवली, तर ऑक्सिक्लोझनाइडने त्यांना ठार केले.

एकच औषध इतक्या भिन्न जीवांवर कसे चालते? येथे कोयनेच्या धरणाचे उदाहरण घेऊ. पाणी एका बाजूस अडवून ठेवले आहे. ते ठराविक वाटेनेच खाली येते आणि येता येता चक्रे फिरवून वीज निर्माण करते. प्रत्येक जीवपेशीत असेच एक धरण असते. पातळ पटलाच्या एका बाजूस प्रोटॉन साठवले जातात, आणि त्यांना परत यावयाच्या वाटेवर शक्ती निर्माण करणारी चक्रे बसवलेली असतात. निक्लोसमाइड या पटलातून प्रोटॉनांची चोरटी ने-आण करते. साठा ओसरतो, चक्रे थांबतात, जीव शक्तिहीन होतो. पट्टकृमीची आतड्यावरची पकड सुटते, आणि जंतूची वाढ खुंटते. उलट, शाळांतून मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती जंतांच्या पेशींतील ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनावर आघात करते. जंतूंत ते प्रथिन त्या रूपात नसते. म्हणून ती गोळी जंतूंवरचा उपाय नव्हे. सारांश, जंतांचे प्रत्येक औषध जंतूंवर चालते असे मुळीच नाही. दोघांचे मर्मस्थान एक असेल तरच ते चालते.

परंतु मग आपल्या पेशींतील धरणाचे काय? अडचण नेमकी येथेच आहे. निक्लोसमाइड आतड्यातून रक्तात फार थोडे शिरते. म्हणूनच ते जंतांसाठी निर्धोक ठरले. पण रक्तात किंवा फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना गाठावयाचे तर औषध रक्तात पोचलेच पाहिजे, आणि तेथे ते आपल्याच पेशींना उपद्रव देणार नाही याची खात्री पाहिजे. जो गुण होता तोच येथे दोष ठरतो. यामुळे कातडीवरील रोगांसाठी मलमाच्या रूपाने त्याचा उपयोग करून पाहण्याकडे संशोधकांचा कल आहे.

दुसरी अडचण ग्रॅम-ऋण जंतूंची. यांना बाहेरून आणखी एक पटल असते, आणि आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे पंपही असतात. त्यांच्यापुढे एकटे निक्लोसमाइड निष्प्रभ ठरते. मात्र कोलिस्टिन हे बाह्य पटल ढिले करणारे औषध जोडीस दिले, तर प्रयोगशाळेत दोघे मिळून कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या जंतूंवरही मात करतात असे आढळले आहे. पण कोलिस्टिन मूत्रपिंडास अपायकारक आहे, आणि काचपात्रात जंतू मरणे म्हणजे रोगी बरा होणे नव्हे. या दोहोंच्या मध्ये वर्षानुवर्षांच्या चाचण्या आहेत. पेटंटची मुदत संपलेल्या स्वस्त औषधाच्या चाचण्यांवर खर्च करण्यात खाजगी कारखान्यास लाभ नाही. म्हणून हे काम सार्वजनिक पैशानेच व्हावयास हवे.

शेवटी आपल्या वाट्याचे काम. २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधामागे लोक धावले. तेही काचपात्रातील प्रयोगाच्या बातमीवरून. पुढे मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसून आला नाही. तेव्हा आजचे हे विवेचन ऐकून कोणी जंताच्या गोळ्या विकत घेऊ नयेत. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून काही महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-१' यादीत घातली आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत व दुकानदारास त्यांची नोंद ठेवावी लागते. हा नियम दुकानदाराने पाळावा असे वाटत असेल, तर गिऱ्हाइकाने चिठ्ठीवाचून औषध मागणे प्रथम सोडले पाहिजे. सर्दी-पडशावर प्रतिजैविक घेऊ नये, आणि घेतलेले प्रतिजैविक डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. जुन्या कपाटातून उद्या एखादे नवे शस्त्र निघेलही. पण आपली सवय तीच राहिली, तर जंतू त्यालाही सरावण्यास फार दिवस लावणार नाहीत.