रुग्णालयात दाखल असताना काळी शौच झाली तर लगेच सांगा

रुग्ण न्यूमोनियासाठी किंवा हृदयविकारासाठी दाखल होतो आणि काही दिवसांनी जठरातून रक्तस्राव सुरू होतो. "पोटाचा तर काहीच त्रास नव्हता, मग हे कशामुळे?" असे नातेवाईक विचारतात.

असे का होते?
पुरेसा रक्तपुरवठा असला की जठराचे अस्तर आम्लापासून स्वतःचे रक्षण करते. गंभीर आजारात रक्तदाब घसरला की हा पुरवठा कमी होतो आणि अस्तरावर जखमा, म्हणजे अल्सर होतात. पुढील रुग्णांना धोका जास्त असतो:
• ४८ तासांहून अधिक काळ व्हेंटिलेटरवर असलेले
• रक्त गोठण्यात दोष किंवा यकृताचा आजार असलेले
• अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणारे
• पूर्वी अल्सर झालेले

लक्षणे कोणती?
डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच; लाल रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी; चक्कर, घाम, नाडी जलद होणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण "गोळीमुळेच असेल" असे स्वतः ठरवू नका. बेडपॅन रिकामे करण्याआधी नर्सला दाखवा. सुरुवातीच्या काही तासांत हिमोग्लोबिन नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे तुम्ही पाहिलेली ही खूण फार मोलाची ठरते.

उपचार काय असतात?
सलाईन, गरजेनुसार रक्त आणि शिरेतून आम्ल कमी करणारे औषध देतात. रुग्ण स्थिर झाल्यावर, शक्यतो २४ तासांच्या आत, एंडोस्कोपी करतात. दुर्बिणीतूनच इंजेक्शन देऊन किंवा क्लिप लावून रक्त थांबवता येते. पोट उघडण्याची वेळ क्वचितच येते. तपासणीपूर्वी रुग्णाला उपाशी ठेवतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता घोटभर पाणी किंवा नारळपाणीही देऊ नका.

तुम्ही काय करावे?
• घरी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी द्या. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सांधेदुखीच्या गोळ्याही सांगा.
• अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या रुग्णात तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.
• घरी जाताना आम्लाची गोळी किती दिवस घ्यायची ते विचारा. काहींना ती दीर्घकाळ लागते, तर आयसीयूपुरतीच सुरू केलेली असल्यास अनेकदा बंद करता येते.
• घरी गेल्यावरही काळी शौच झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.