पिंगळा की रानपिंगळा? आधी डोकं बघा

"हा रानपिंगळा आहे ना?" असं विचारत मला अधूनमधून फोटो येतात. बहुतेक वेळा माझं उत्तर एकच असतं: नाही हो, हा आपला साधा पिंगळा. समोरचा हिरमुसतो. पण हा फरक कळणं फार महत्त्वाचं आहे. का, ते सांगतो.

आधी ओळख. आकारावर जाऊ नका. पिंगळा साधारण 21 सेंटीमीटर, रानपिंगळा 23. झाडावर बसलेल्या पक्ष्यात हे दोन सेंटीमीटर काय कळणार? डोकं बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी, ठिपके असलेच तर अगदी पुसट. मग पोट बघा. रानपिंगळ्याची छाती गडद, पण पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र. शेपटीवर ठळक, रुंद पांढरे पट्टे. डोकं आणि चोचही अंगाच्या मानाने मोठी.

"पण मला तर भर दुपारी दिसला!" हा पुरावा होत नाही. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, पण पिंगळासुद्धा ढोलीच्या तोंडाशी उन्हात मस्त बसलेला असतो.

आता 'का'. रानपिंगळ्याचा पहिला नमुना 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूमने त्याचं वर्णन केलं. 1884 नंतर मात्र खात्रीशीर नोंदच नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागनने 1914 मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तर काय निघालं? चोरीचा माल! डेव्हिडसनने 1880च्या दशकात खानदेशात गोळा केलेला पक्षी या पठ्ठ्याने संग्रहालयातून उचलून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. म्हणजे त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारा माणूस चुकीच्या जागी भटकला असता. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणी गेले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा समोर बसलेला! तब्बल 113 वर्षांनी.

पुढे मेळघाट, यावल आणि 2014 मध्ये चक्क मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. 2018 मध्ये त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' झाला. असे निर्णय नोंदींवरच होतात. त्यात चार साधे पिंगळे घुसले, तर पक्षी नाही तिथे आहे असं कागदावर दिसणार.

गंमत म्हणजे ह्यूमने त्याच्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स' ही वेगळी प्रजातीच काढली होती. 2018 मध्ये डीएनएवरून दिसलं की तो पिंगळ्याच्याच 'अथेनी' गोतावळ्यातला आहे.

तर फोटो जरूर पाठवा. फक्त डोकं आणि पोट दोन्ही दिसू द्या, आणि त्यासाठी ढोलीच्या फार जवळ जाऊ नका.