बडोद्याची सेव-उसळ : कृती व कारणे

‘सेव-उसळ’ या नावातच बडोदे शहराचा इतिहास साठविलेला आहे. ‘उसळ’ हा शब्द मराठी, तर ‘सेव’ हे आपल्या शेवेचे गुजराती रूप. इ. स. १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले, आणि मराठी कुटुंबे येथे स्थायिक होत गेली. शेजाराने शेजाराच्या स्वयंपाकघरात डोकावावे, हे ओघानेच आले. सोबतचा पाव आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला; मिरचीही त्यांच्याच गलबतांतून अमेरिकेहून आली. एका बशीत किती देश एकत्र आले आहेत पाहा!

हा पदार्थ घरी करणे कठीण नाही. मात्र प्रत्येक कृतीमागचे कारण ध्यानी घ्यावे.

चार माणसांकरिता दोन वाट्या वाळलेले पांढरे वाटाणे रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पाणी बदलून, हळद व मीठ घालून ते मऊ शिजवावेत. लिंबू, चिंच असे आंबट पदार्थ आधी घालू नयेत. आंबटाने कडधान्य लवकर शिजत नाही.

शेवेसाठी दोन वाट्या बेसनात मीठ, हळद, ओव्याची वस्त्रगाळ पूड व दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ मळावे. ओवा अख्खा राहिल्यास सोऱ्याच्या जाळीची छिद्रे बुजतात. तेल तापल्यावर सोऱ्याने शेव पाडावी. त्या वेळी तेलात जे बुडबुडे उसळतात, ती पिठातील पाण्याची वाफ होय. पाणी १०० अंशांस उकळते, तर तळणीचे तेल सुमारे १८० अंश तापलेले असते. पाणी निघून जाते, तेथे पोकळी राहते, हाच कुरकुरीतपणा. बुडबुडे ओसरले की शेव काढावी. तेल कोमट असल्यास वाफ जोराने निघत नाही आणि शेव तेलकट होते.

आता तरी. चार मोठे चमचे तेलात दोन कांदे, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या व बोटभर आले यांचे वाटण तांबूस परतावे. मग आच मंद करून दोन चमचे लाल तिखट व थोडा गरम मसाला घालावा. आच मोठी असेल तर तिखट तत्क्षणी करपून कडू होते. त्यावर दोन वाट्या गरम पाणी व मीठ घालून उकळी आणावी. मिरचीचा रंग व तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून लाल तवंग वर तरंगतो. याच कारणाने तोंड भाजले असता पाणी पिऊन आराम पडत नाही; दूध किंवा दही घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, तळण नेहमी वडीलधाऱ्यांच्या देखत करावे. ओला झारा तेलात बुडवू नये. कढईतील तेलाने पेट घेतलाच, तर पाणी मुळीच ओतू नये. पाणी तेलाहून जड. ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. आच बंद करावी, धातूचे झाकण हळूच सरकवून ठेवावे व कढई पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये. कढई जागची हलवू नये. झाकणाने हवा तुटते आणि ज्वाळा विझते. आग आटोक्यात येत नसेल, तर घराबाहेर पडून अग्निशामक दलास बोलवावे. एवढे एक ज्ञान घरातल्या प्रत्येकास असले, तर मोठा अनर्थ टळतो.

वाढताना बशीत प्रथम उसळ, त्यावर तरी, चिरलेली कांद्याची पात व लिंबाचा रस, आणि सर्वांत शेवटी शेव घालावी. शेव आधी घातल्यास ती रस शोषून मऊ पडते, आणि तळणीत पाणी घालविण्याचे सारे श्रम वाया जातात. यास्तव सर्वांनी पंक्तीस बसावे, पाव हाती घ्यावा, आणि मगच शेवेचा डबा उघडावा.